डाव्या कानाची खूण

"आज्जी, शिवपुत्र काका आज समोर येऊन उभा राहिला, तर तू वळकशील का गं त्याला?"

प्रश्न मी विचारला, पण तो माझ्या डोक्यातला नव्हता, महेजबीनच्या डोक्यातला होता. ती आणि आरजू, माझ्या वर्गातल्या दोघी, आमच्या उंबऱ्याबाहेर ओढण्या तोंडात कोंबून उभ्या होत्या. पैज अशी होती की मी आधी प्रश्न विचारायचा, मग मोबाईल आज्जीसमोर धरायचा. "तुझ्यात हिंमतच नाही," असं महेजबीन सोलापुरातल्या सात रस्त्यापासून आमच्या कुंभारीपर्यंत रिक्षात म्हणत आली होती. आणि त्या दिवसांत माझ्यात हिंमत सोडून दुसरं काही शिल्लकच नव्हतं!

त्याला कारण होतं. मे महिन्याची सुट्टी मी आरजूच्या वडिलांच्या, खालिदचाचांच्या फ्लेक्सच्या दुकानात घालवली होती. आधी नुसती बघायला बसायचे. मग चाचांनी माउस हातात दिला आणि म्हणाले, "घे, ह्या माणसाला मंडपातून बाहेर काढ." म्हणजे त्याच्या कडेनं कापून मागचा मंडप उडवायचा. पहिल्या दिवशी मी त्याचं अर्धं डोकं कापलं. आठवड्यानं मला एकेक केस वेगळा काढता यायला लागला. मिटलेले डोळे उघडायचे, गंजी घातलेल्या माणसाला कोट चढवायचा, वाढदिवसाच्या बोर्डावर न हसणाऱ्याला हसवायचं, सगळं यायला लागलं. फोटो पण मीच काढायचे, अप्पांनी मला दिलेल्या त्यांच्या जुन्या मोबाईलवर. बाजारातल्या वजनकाट्याचे, शेळीच्या डोळ्याचे, भवानी पेठेतल्या वाळत घातलेल्या टॉवेलांचे. शाळेच्या वार्षिक अंकाचं मुखपृष्ठ मी केलं आणि मुख्याध्यापकांनी प्रार्थनेला माझं नाव घेतलं. कुंभारीची सृष्टी, नववी ब! तोवर मला त्या शाळेत हजेरीपुरतंच ओळखत होते.

मग मला वाटायला लागलं की मी कुणालाही कुठंही उभं करू शकते. आणि मी शिवपुत्र काकाला उभं केलं.

काका म्हणजे अप्पांचा धाकटा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी घरातून गेला तो गेलाच. तेव्हा आम्ही मंगळवेढ्याकडं गावी होतो, मेंढरं होती. मी पाच वर्षांची होते. मला त्याचं काहीच आठवत नाही, फक्त तो मला कोकरासारखं खांद्यावर आडवं टाकायचा एवढं आठवतं. त्याचा एकच फोटो घरात होता, कुणाच्या तरी लग्नातला, तो गेला त्याच वर्षीचा, एकोणीस वर्षांचा असतानाचा. तो मी दुकानात स्कॅन केला. आता काका अठ्ठावीसचा असणार. मग कपाळावरचे केस जरा मागं सारले, डोळ्यांखाली सावली दिली. मिशी, गाल आणि हनुवटी मात्र अप्पांच्या फोटोतून घेतली. सख्खे भाऊ, त्यामुळं रंग जुळवायलाही फार वेळ लागला नाही. मागं ठेवायला आरजूनं तिच्या मोबाईलमधला फोटो दिला. तिच्या घरचे सगळे विजापूरला फिरायला गेले होते तेव्हाचा, बसस्टँडजवळचा फळांचा गाडा, वर कानडी पाटी. काका त्या गाड्याजवळ असा उभा राहिला की जणू आत्ताच केळी घेतली.

खालिदचाचांनी मागून बघितलं. "फाईलला नाव नीट दे," एवढंच म्हणाले. "खरा कुठला आणि बनवलेला कुठला, महिन्यानं तुझं तुलाच कळायचं नाही."

मी फाईलला नाव दिलं, 'काका'.

तर आज्जी सुपात ज्वारी निवडत बसली होती. माझा प्रश्न ऐकून तिनं वर बघितलं नाही. "वळकायला काय," ती म्हणाली, "मी ऐंशी मेंढरं धुरळ्यात वळकत हुते."

हे खरं आहे. आज्जी मेंढरं तोंडावरून ओळखायची. इतरांसाठी खूण असायची, आमच्या कळपाच्या मेंढराच्या डाव्या कानाला खालून चिमटीएवढा तुकडा कापलेला. दुसऱ्याच्या कळपात मिसळलं तरी कान बघायचा आणि ओढून आणायचं. काका लहान असताना त्याला कुत्रं चावलं आणि तुकडा गेला तोही नेमका डाव्या कानाचा. आज्जी हसून सांगायची, कुत्र्यानंच त्याला आपल्या कळपात घातलं.

मी मोबाईल धरला.

तिनं आधी तोंड बघितलं नाही, कान बघितला. ज्वारीच्या धुळीनं भरलेलं बोट काचेवर टेकलं, चित्र मोठं झालं, ती दचकली, तिला वाटलं तो जवळ आला. मग सूप मांडीवरून घरंगळलं आणि ज्वारी सगळ्या फरशीभर झाली.

"शिवप्या! माजा शिवप्या! कुटं गावला गं?"

मी 'अगं नाही' म्हणायला तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं. पण दारातून महेजबीन हसतच ओरडली, "विजापूरला, आजी!"

आणि आज्जी अनवाणी बाहेर. वर्षभर ती भिंत धरून चालत होती. त्या दिवशी तिनं भिंत धरली नाही. आमच्या वसाहतीत एकाला एक लागून घरं. तिनं प्रत्येक दारात एकच वाक्य सांगितलं आणि मी मागून 'आज्जी, ऐक की, आज्जी, ऐक की' करत गेले. कुणी ऐकलं नाही. शेजारणींनी मलाच कवटाळलं. "पोरीनं मोबाईलवर हुडकून काढला बघा!" मी वळून बघितलं तर आरजू आणि महेजबीन रिक्षात बसत होत्या. "ट्यूशन आहे गं!" महेजबीनचा चेहरा पांढरा पडला होता.

मी ठरवलं, अप्पा आले की सांगायचं. अप्पा मोठे आहेत, ते निस्तरतील.

अप्पा टेम्पो चालवतात, भवानी पेठेतून टॉवेलचे गठ्ठे पोचवतात. ते दिवे लागायच्या वेळेला आले, तोवर बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. आईनं टॉवेलांच्या कडा शिवायची मशीन थांबवली. अप्पांनी चपला न काढता माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि तसेच उभे राहिले.

"अप्पा, त्यो फोटो..."

"थांब," ते म्हणाले. मग आईकडं न बघता आईला सांगायला लागले. मला वाटतं मी तिथं आहे हे ते विसरले होते. "मेंढरं इकायचं मी ठरवलं. त्यो नको म्हनला. मी त्याच्या मुस्काटात मारली, समद्यांसमोर. सकाळच्याला उठून बगतो तर न्हाय. आईला म्या कवाच सांगितलं न्हाय की मी मारलं हुतं." त्यांनी तोंड पुसलं. "आता जातो आन् त्याचे पाय धरतो."

सांगा, यावर मी काय बोलायचं होतं? तुम्ही काय बोलला असतात? माझ्याकडे वाक्य तयार होतं, 'अप्पा, ती मिशी तुमची आहे.' पाच शब्द. त्याऐवजी मी फरशीवर उरलेली ज्वारी वेचायला लागले.

सकाळी आज्जीनं दोघा भावांच्या भाकरी बांधून दिल्या. दोघांच्या! शेंगाचटणीची पुडी वेगळी, कारण काकाला तिखट जास्त लागतं. अप्पा फोटो आपल्या मोबाईलवर घेऊन विजापूरच्या एसटीत बसले आणि मी शाळेत. भूगोलाच्या तासाला सरांनी नकाशावर भीमा नदी दाखवायला बोलावलं तर मी सरळ विजापूर दाखवलं. वर्ग हसला. मधल्या सुट्टीत महेजबीन म्हणाली, "आत्ता फोन करून सांग."

"तू सांग. विजापूर तू म्हणालीस."

"काका तू बनवलास!"

आरजू रडायला लागली. तिची समजूत काढण्यात सुट्टी संपली आणि फोन कुणीच केला नाही.

अप्पा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतले, एकटेच. आज्जी त्यांच्या पाठीमागं रस्त्याकडं बघत राहिली.

"हुता तितं," अप्पा म्हणाले. "चहावाला वळकतो त्याला. आता हुबळीकडं गेलाय कामावर. नीट हाय, आये. अंगानं भरलाय."

मी हबकलेच. क्षणभर मला खरंच वाटलं की काका आहे! मी बनवला आणि तो झाला! मी इतकी मूर्ख आहे.

अप्पांनी मला टेम्पोपाशी बोलावलं. गठ्ठे बांधायच्या दोराचं एक टोक ते बोटाला गुंडाळत होते.

"चहावाल्यानं फोटो बगितला," ते हळू बोलले, "मग माज्याकडं बगितलं. हसून म्हनला, हे तर तुमीच की. मग मी नीट बगितलं." त्यांनी हनुवटीवर बोट ठेवलं. टेम्पोचा हूक लागून तिथं खाच पडली आहे. ती खाच मी पुसायला विसरले होते. "माजी हनुवटी त्याला लावलीस व्हय?"

"चुकलं अप्पा. मी आत्ता आज्जीला सांगते."

मला वाटलं ते मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "आजाबात न्हाय. कायबी सांगायचं न्हाय. तुजी आई म्हनली, कालपास्नं ती दोन भाकरी खातीया."

आईलाही त्यांनी सांगितलं. आईनं माझ्याकडं असं बघितलं की मी भांडी घासायला घेतली. पण तीही हेच म्हणाली. "केलंस तू, आता निभावायचं बी तूच."

आणि मी शिवपुत्र काका झाले.

शाळेतून आले की आज्जी विचारायची, "काय म्हनला?" हुबळीहून मेसेज येतो असं अप्पांनी तिला सांगून ठेवलं होतं. मग मी मोबाईलमध्ये बघून वाचायचे. काका बरा आहे. काका जेवला. काकाला सुट्टी नाही. आज्जी उलट प्रश्न पाठवायची. गुडघा दुखतो का अजून? कुणाच्या घरात ऱ्हातो? मेंढरं आठवतात का त्याला? मला काय माहीत त्याला मेंढरं आठवतात का! मी म्हणायचे, आठवतात म्हणाला. मग ती खूश होऊन एकेका मेंढीचं नाव घेऊन सांगायची की ती कशी मेली, कुणाला विकली, आणि हे पण त्याला लिही म्हणायची. मी अंगठे नुसतेच काचेवर फिरवायचे. आमची दोन खोल्यांची जागा, मध्ये पडदा. कुठंही बसलं तरी आज्जीचा आवाज येतो. मी शाळेतून उशिरा निघायला लागले. फोटो काढणं बंद केलं. एकदा रस्त्यात एक शेळी ओट्यावर चढून आरशात बघत होती, इतका झकास फोटो, आणि माझा हात खिशाकडे गेलाच नाही.

दसऱ्याच्या आधी आज्जी म्हणाली, "नवा फोटो धाड म्हनावं. कागदावर पायजे. ह्या काचंत माज्यानं बगवत न्हाय."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. "कर की."

"अप्पा, नको."

"आता एकच. मग म्हनू मोबाईल हरवला त्याचा."

म्हणून मी दुकानात गेले. चाचा फ्लेक्सचं माप घ्यायला बाहेर गेले होते, आरजू शेजारी बसली. नवी जागा म्हणून एका गोदामाचा फोटो घेतला. त्यात उजेड उलट्या बाजूनं येत होता, म्हणून काकाला आरशातल्यासारखा उलटा फिरवला. एका क्लिकमध्ये डावीकडे बघणारा माणूस उजवीकडे बघायला लागतो. चाचांनी शिकवलं होतं, माणूस फिरवला की भांग फिरतो, खिसा फिरतो, बटणं फिरतात, ते सगळं परत जागेवर आणायचं. मी आणलं. खिसा डावीकडे आणला, भांग बदलला, बटणांची पट्टी बदलली. अप्पांची खाच आठवणीनं पुसली. आरजू म्हणाली, "एकदम खरा वाटतोय गं." मला अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू, वाटला. चकचकीत कागदावर मोठा प्रिंट काढला.

आज्जीनं तो दारातल्या उजेडात नेला. हात धुऊन आली होती. पुन्हा तेच, आधी कान. मग दुसरा कान. मग तिनं स्वतःच्या डाव्या कानाला हात लावला, कागदाला लावला, परत स्वतःच्या.

"ह्यो माजा न्हाय," ती म्हणाली.

"आज्जी, काकाच आहे."

"खूण उजव्या कानाला हाय. आपल्या मेंढराची खूण डावीकडं." तिचा आवाज चढलाही नाही. तिनं कागद उलटा करून जमिनीवर ठेवला. "ह्यो दुसऱ्याच्या कळपातला."

मला वाटलं आता पकडले गेले, आणि खरं सांगते, बरंच वाटलं. पण आज्जीनं काढलेला अर्थ वेगळाच होता. पहिला फोटो तिच्यासाठी खराच होता. तिनं कान बघितला होता, खूण बरोबर होती. म्हणजे काका विजापूरला होता. आणि आता तिला कुणीतरी दुसराच माणूस दाखवतंय. तर मधल्या काळात काय झालं असणार?

अप्पा आले तशी तिनं विचारलं, "कवा गेला रं?"

"कोन?"

"माजं लेकरू. हुबळीला काय झालं त्याला? तुमी मला दुसऱ्याचं त्वांड दावून गप करताय."

अप्पांना नाही म्हणता येईना आणि व्हय म्हणता येईना. ते खाली बसले आणि जमिनीकडं बघत राहिले. आज्जीला तेवढं पुरलं. ती रडलीसुद्धा नाही. भाकरीचं ताट सरकवलं आणि भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी उठून बसली आणि म्हणाली, "त्याचे दिवस घाला. नीट घाला. मग मी जेवीन."

आज शुक्रवार आहे. आज संध्याकाळी मी शाळेतून आले तर अप्पा आणि आई टेम्पोच्या आडोशाला बोलत होते. आज्जी आत होती. मला बघून आईनं जवळ ओढलं. तिचे डोळे सुजले होते.

"रविवारी दिवस घालतोय," अप्पा म्हणाले. "भावकीला सांगितलंय."

"पण काका गेला कुठं? आपल्याला माहीत तरी आहे का तो गेला म्हणून?"

"नऊ वर्सं झाली, सृष्टी," आई म्हणाली. "आला असता तर आला असता. आन् ती उपाशी मरतीया, दिसत न्हाय व्हय तुला? दिवस घातले की ती जेवती. तुला तेच पायजे नव्हं?"

"खालिदशेटकडनं एक बोर्ड करून आन," अप्पा म्हणाले. माझ्याकडं बघत नव्हते. "भावपूर्ण श्रद्धांजली. फोटोला हार घाल. पैला फोटो घे, आईला त्यो पटतो."

मी मोबाईल काढला. पहिला फोटो उघडला. काका केळीच्या गाड्याजवळ उभा होता, अप्पांची मिशी, अप्पांचे गाल, अप्पांची हनुवटी आणि त्या हनुवटीवर अप्पांची खाच. मी तो अप्पांसमोर धरला.

"ह्याला हार घालू? अप्पा, ह्यात निम्मे तुम्ही आहात."

अप्पांनी हनुवटीवर हात नेला आणि तसाच ठेवला. आई म्हणाली, "हळू बोल, आत ऐकू जाईल."

दोन महिने मी हेच ऐकत होते, हळू बोल. मी, जी वर्गात सगळ्यात मोठ्यानं हसते! आणि मला एकदम दुकानातला मोठा स्क्रीन आठवला. माझी फाईल तिथं अजून तशीच आहे. मी काही मिटवलेलं नाही. प्रत्येक गोष्ट वेगळ्या थरावर आहे, एकाच्या पाठीमागं एक, आणि प्रत्येक थरापुढं छोटा डोळा आहे. डोळ्यावर टिचकी मारली की तेवढं जातं.

"बोर्ड मी करणार नाही," मी मोठ्यानं म्हणाले. "ऐका दोघं. मी ठरवलंय. उद्या शाळा सुटली की आज्जीला रिक्षात घालून खालिदचाचांच्या दुकानात नेते. खुर्चीवर बसवते. आणि तिच्यासमोर एकेक थर बंद करते. आधी विजापूर जाईल. मग मिशी. मग गाल, मग हनुवटी. सगळ्यात खाली लग्नातला काका आहे, एकोणीस वर्षांचा, खूण डाव्या कानाला. तो खरा आहे. तेवढाच आपल्याकडं आहे. ती मला मारेल, शिव्या देईल, आयुष्यभर बोलणार नाही, ते मी बघते. मुस्काटात कुणी मारलं होतं ते मी सांगणार नाही, अप्पा, ते तुमचं तुम्ही सांगा. पण काका मेला नाही आणि सापडला पण नाही, एवढं मी तिला उद्या सांगणारच. यायचं असेल तर या. नाहीतर आमची आम्ही जातो."